एस्परन्सच्या किनाऱ्यावर भेटलेलं छांब

कोरोनामुळे विमानं बंद झाली आणि तीन महिन्यांसाठी ऑस्ट्रेलियात, कालगुर्लीला आलेले माझे बाबा आमच्याकडेच अडकले. माजी सैनिक घरात कोंडला की डब्यांचीसुद्धा परेड घेतो. राज्यातल्या विभागांच्या सीमाही बंद होत्या, पण एस्परन्सचा समुद्र आमच्याच विभागातला. खाणीतली शिफ्ट संपताच मी त्यांना गाडीत घातलं.

वाटेत नॉर्समनला टायर पंक्चर झाला. पंपावरच्या बाईने आर्व्होला (दुपारी) माणूस येईल म्हणून सांगितलं आणि "नो वरीज, लव्ह" म्हणत चहाही दिला. पुढे तांबूस, गुळगुळीत खोडांची उंच झाडं लागली. "इथं तोफा छान लपतील," बाबा म्हणाले. आयुष्य तोफखान्यात गेलेला माणूस निसर्ग असाच बघतो.

एस्परन्सची वाळू पांढरीशुभ्र, आणि पाणी इतकं निळं की बाबांनी चक्क चपला काढून हातात घेतल्या. तिथल्या बागेत सर्वांसाठी विजेचे बार्बी (भाजायचे तवे) असतात. अंतराच्या नियमामुळे एका वेळी एकच कुटुंब. आमच्या पुढचे पांढऱ्या दाढीचे गृहस्थ तव्यावर आधी फॉइल अंथरत होते. आमच्याही पिशवीत फॉइल होतंच. बाबांचा शनिवार होता.

"आप भी?" ते हसले. त्यांचं हलालसाठी, आमचं शाकाहारासाठी. ते पाकिस्तानचे. डॉक्टर मुलाकडे आले आणि अडकले. तेही माजी सैनिक.

"इकहत्तर में कहाँ थे?" बाबांनी विचारलं.

"छांब."

बाबांनी हातातलं कणीस खाली ठेवलं. छांब हे सीमेवरचं मोक्याचं गाव. एकाहत्तरला तिथल्या लढाईत आपली फौज नदीच्या अलीकडे परतली, गाव पलीकडे गेलं. बाबांच्याच तुकडीतला त्यांचा दोस्त शंकर पडला तोही पलीकडेच. त्याला शोधायला पुन्हा कुणाला जाता आलं नाही. त्याची बहीण गोदाक्का बाबांना दर भेटीत एकच विचारतात, "त्याला अग्नी मिळाला का रे?"

"हमारे जो उधर रह गए," बाबा म्हणाले, "उनका क्या किया?"

त्यांनी तव्याचं बटण बंद केलं. "लकड़ी थी नहीं. हमारे सूबेदार ने गोलों की पेटियाँ तुड़वाईं. बोले, हिंदू हैं, आग दो. नाम किसी का मालूम नहीं था. राख होने तक हम खड़े रहे."

हात मिळवायची बंदी होती. बाबांनी कडक सॅल्यूट ठोकला. भर लढाईत शत्रूची रीत सांभाळणाऱ्या त्या अनोळखी सुभेदारापुढे मी मनोमन वाकलो.

परतताना मी म्हटलं, "बाबा, त्यात शंकरकाका होतेच असं नाही."

"कळतं मला," ते खेकसले.

घरी पोचताच त्यांनी गावी गोदाक्कांना फोन लावला. ऐकलेलं सगळं जसंच्या तसं सांगितलं, नाव ठाऊक नव्हतं हेसुद्धा.

"अग्नी दिला म्हणजे ते सुभेदार घरचेच झाले की रे," गोदाक्का म्हणाल्या. "आता शंकरचं तेरावं घालते. एक पान त्यांचंही वाढते."