एकदाच मांडलेले डाव

"किती जण? किती वेळ? आणि हरल्यावर रुसतं कोण?"

खेळांच्या दुकानाचा लाकडी जिना चढून वर गेलेल्या माणसाची या तीन प्रश्नांतून सुटका नव्हती. प्रश्न विचारणारे गृहस्थ उंच स्टुलावर बसलेले असत, चष्मा कपाळावर चढवलेला, पाठीमागे भिंतभर खोके. खाली बाहुल्या, सायकली, चेंडू. वर फक्त पटावरचे खेळ, आणि वरचा सगळा कारभार यांचा. दुकानात लहानथोर त्यांना डाववाले म्हणत. मालकसुद्धा. खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं.

पहिल्या दोन प्रश्नांना लोक भराभर उत्तरं देत. खरी मजा तिसऱ्याला. जोडपं असलं की बायको नवऱ्याकडे बघायची आणि नवरा छताकडे. डाववाले समजायचं ते समजायचे आणि शिडी लावून वरच्या फळीवरचा खोका काढायचे. "दोघांसाठी नेताय ना? मग लांबलचक लढाईचा खेळ नको. दोन तास लढून एक जण हरणार, आणि मग जेवताना कुणी कुणाला मीठसुद्धा देणार नाही. हा घ्या. वीस मिनिटांत संपतो. हरलेल्याला लगेच म्हणता येतं, चल, अजून एक." दोघांच्याही नाकावर राग दिसला, तर ते दोघांनी मिळून खेळाशीच लढायचा खेळ देत. जिंकले तर दोघं, बुडाले तरी दोघं.

चार-पाच जणांचं टोळकं आलं की त्यांचा एकच आग्रह. ज्यात पहिल्या दहा मिनिटांत कुणी बाद होतं, तो खेळ नको. "बाद झालेला माणूस करणार काय? चहा टाकणार आणि सगळ्यांवर चरफडणार." पार्टीसाठी कुणी आलं तर मनगटावरचं घड्याळ काढून काउंटरवर ठेवत. "नियम मला दोन मिनिटांत सांगता आले नाहीत, तर हा खेळ तुमच्या पार्टीचा नाही. पंधरा माणसं, त्यात अर्ध्यांची अर्ध्यांशी ओळख नाही. तिथे गट पाडायचे, चित्रं काढायची, शब्द ओळखायचे. चित्र जितकं वाईट तितकं हसू जास्त. एकटा कुणी ढ ठरता कामा नये, बस्स." लोक खोका घेऊन जायचे आणि आठवड्याने नुसते आभार मानायला जिना चढायचे. या कामात त्यांचा हातखंडा होता, त्याबद्दल वादच नाही.

आणि त्या चिठ्ठ्या! प्रत्येक खोक्याच्या कोपऱ्यावर त्यांच्या वळणदार अक्षरातली एक चिठ्ठी चिकटवलेली असे. 'दोघांसाठी. अर्धा तास. हरणाऱ्याला वाईट वाटत नाही.' 'चौघांसाठी. मधेच भांडण होतं, पण गोड.' खोक्यावर छापलेली स्तुती कुणी वाचत नसे. चिठ्ठी वाचत.

आता हे सगळं त्यांना कळायचं कुठून? तर घरून. नवा खेळ आला की शनिवारी संध्याकाळी त्याचा एक खोका पिशवीत घालून ते घरी न्यायचे. नियमांचं पुस्तक बसमध्येच वाचून व्हायचं. रविवारी दुपारी जेवणं उरकली की टेबल पुसायचं, पट मांडायचा आणि समोर बायकोला बसवायचं. चौघांचा खेळ असला तर लेकीला आणि शेजारणीलाही. बायको टेलिफोनच्या कचेरीत ऑपरेटर, अर्ध्या शहराचे नंबर तोंडपाठ असलेली. ती हनुवटीला हात लावून नियम ऐकायची आणि डाव सुरू व्हायचा. यांच्या शेजारी एक वही. ती कुठे अडली, पहिल्यांदा किती वाजता हसली, जांभई कधी आली, सगळं वहीत. डाव संपला की सोंगट्या, पत्ते, फासे जिथल्या तिथे आणि खोका बंद. सोमवारी तो दुकानात. पुढच्या रविवारी पुढचा खोका.

एकतीस वर्षं हे चाललं. हजाराच्या वर खेळ झाले असतील, आणि प्रत्येक एकदाच. दुसऱ्यांदा मांडायचा तर त्या रविवारचा नवा खोका राहून जाणार, आणि ते डाववाल्यांच्या शिस्तीत बसत नव्हतं. पहिला डाव अर्थातच तेच जिंकत. नियमांचं पुस्तक वाचून बसलेला माणूस जिंकेल नाहीतर काय? बायको हसून म्हणायची, "आत्ता कुठे कळायला लागलं होतं." ते हसू बघून वहीत नोंद व्हायची: हरणाऱ्याला वाईट वाटत नाही.

तिने काही मागितलं ते एकदाच. खेळाचं नाव 'दोन माळी'. लाकडाच्या चौकोनी चकत्या, कुठल्या चकतीवर वाफा, कुठल्या चकतीवर पाण्याचा पाट, तर कुठल्या चकतीवर झाड. मधोमध एक विहीर. दोघांनी आपापली बाग वाढवायची, पण पाणी त्या एकाच विहिरीचं, त्यामुळे दुसऱ्याची बाग पार वाळवून आपली फुलवता येत नाही. त्या दुपारी तिने तिसऱ्याच चालीला असा काही पाट फिरवला की डाववाल्यांची बाग तिच्या पाण्यावर आली. ते पार घामाघूम. शेवटी ती हरली, पण अवघ्या एका चकतीने. डाववाले झाकण लावायला गेले, तेव्हा तिने झाकणावर हात ठेवला. "हा ठेवा ना घरी. परत खेळू."

"बघू," डाववाले म्हणाले आणि वहीत लिहिलं: परत खेळावासा वाटतो. सोमवारी चिठ्ठीवर तेच उतरवलं, एकच आलेला तो खोका मांडणीवर ठेवला, आणि दुपारच्या आत एका नव्या जोडप्याने तो उचलला. लग्नाला महिना झाला नव्हता आणि दोघांनी मिळून पुढच्या चौकात चष्म्यांचं दुकान थाटलं होतं. "चिठ्ठी खरी का हो?" त्या मुलीने विचारलं. "घरी पसंत पडलाय," डाववाले अभिमानाने म्हणाले. संध्याकाळी बायकोने पिशवीत डोकावून पाहिलं. पिशवी रिकामी होती. दुसरा मागवू मागवू म्हणेपर्यंत तो खेळ बनवणाऱ्यांनीच गाशा गुंडाळला. बायकोच्या तोंडचं मागणं या माणसाने जाहिरात म्हणून खोक्यावर चिकटवलं होतं. हेतू वाईट नव्हता हो. पण ज्याचा हेतू वाईट नसतो, त्याला चूक दाखवायची तरी कशी?

डाववाले निवृत्त होऊन घरी बसले आणि त्याच वर्षी बायको विसरायला लागली. आधी चष्मा, मग गॅस, मग लेकीचा नंबर. ज्या बाईच्या जिभेवर हजारो नंबर खेळायचे, ती फोनसमोर बोट उचलून नुसती उभी राहिली, तेव्हा डाववाल्यांनी तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तिला चित्रं दाखवली, कागदावर घड्याळ काढायला लावलं, आणि मग यांना बाजूला घेतलं. "नवीन काही शिकवायला जाऊ नका, त्या गोंधळतात. जे हातात मुरलंय तेच करून घ्या. पुष्कळदा खेळलेला एखादा खेळ असेल ना? तो रोज खेळा. बाकी विसरलं तरी अशा गोष्टी बराच काळ टिकतात. मन लागलं की त्या शांत राहतील."

"खेळ?" डाववाले जवळजवळ हसलेच. "खेळांना काय तोटा आमच्याकडे!"

दवाखान्याचा जिना उतरताना इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांना हलकं वाटलं. शेवटच्या पायरीवर मात्र पाय थबकले. पुष्कळदा खेळलेला. त्यांनी डोक्यातल्या फळ्या एकेक करून धुंडाळल्या. दोघांचे खेळ, चौघांचे, पार्टीचे. पुष्कळदा राहू दे, दोनदा खेळलेलाही एक सापडेना. लहानपणीचा म्हणावा, तर ती पाच भावंडांत थोरली. बाकीची खेळायची आणि ही धाकट्याला कडेवर घेऊन बघायची. पुढे सिग्नलपाशी बायको त्यांचा हात धरून रस्ता ओलांडायला थांबली होती आणि यांना हिरवा दिवा दिसत नव्हता.

तरी हट्टाने त्यांनी सोप्यातले सोपे खेळ आणले. एकदा फासा टाकून झाला की ती विचारायची, "आता मी काय करायचं?" ते सांगायचे. पुन्हा फासा, पुन्हा तोच प्रश्न. चौथ्या-पाचव्या वेळी तिने सोंगटी हळूच खाली ठेवली आणि हसली. "मला नाही येत हो. तुम्हीच जिंकलात." मग उठून स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून ओट्याशी उभी राहिली. भांडं हातात नाही, काही नाही. नुसतं पाणी वाहत होतं.

लेक त्या दिवशी आलेली होती. तिने जाऊन नळ बंद केला, आईला खुर्चीत बसवलं आणि बाहेर येऊन म्हणाली, "घाबरू नका. हे आजारपणाचं नाही. आई पहिल्यापासून असंच करायची."

"पहिल्यापासून म्हणजे?"

"रविवारी. तुम्ही खोका भरत बसायचात ना, तेव्हा. नळ सोडून उभी राहायची. एकदा मी विचारलं, तर म्हणाली, मला कळायला लागलं की तुझे बाबा झाकण लावतात."

"मला का नाही सांगितलं कुणी?"

"तुम्ही विचारलंत कधी, बाबा?" लेकीने आवाज चढवला नाही, हेच जास्त लागलं. सगळ्या जगाला तिसरा प्रश्न विचारणाऱ्या माणसाने आपल्या घरात तो एकदाही विचारला नव्हता. वह्यांची चळत कपाटावर होती. त्यातली एक त्यांनी काढली, पाच-सहा पानं उलटली. हरणाऱ्याला वाईट वाटत नाही. हरणाऱ्याला वाईट वाटत नाही. पुढे त्यांच्याने वाचवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते चष्म्यांच्या दुकानात गेले. ते नवं जोडपं आता पिकल्या केसांचं झालं होतं. काय बोलायचं ते वाटेत घोकलं होतं, पण तोंड उघडल्यावर सगळं उलटसुलट आलं. आजारपण, डॉक्टरीणबाई, दोन माळी. चष्मेवाले आत गेले आणि काचांच्या ट्रेशेजारच्या फळीवरून खोका घेऊन आले. कोपऱ्यांना चिकटपट्ट्या. एक चकती हरवली होती, तिच्या जागी चष्म्याच्या डबीचा पुठ्ठा कापून त्यावर पेनने झाड काढलेलं. झाकणाच्या आत दोन रकाने, तिचा आणि त्याचा, जिंकल्याच्या रेघांनी ठासून भरलेले. रेघा उतरत उतरत झाकणाच्या कडेवर गेल्या होत्या. डाववाल्यांनी त्या रेघांवरून बोट फिरवलं. त्यांना हेवा वाटला, आणि ज्याचा वाटला तो खोका आपल्याच हातून गेला होता.

"दुपारी शटर अर्धं ओढून एक डाव होतोच," चष्मेवाल्यांची बायको म्हणाली. "तुमच्या चिठ्ठीच्या भरवशावर घेतला होता. चिठ्ठी खरी निघाली."

"ते वाक्य माझं नाही," डाववाले म्हणाले. "तिचं आहे. तिने मला सांगितलं होतं."

चष्मेवाल्यांच्या बायकोने खोका त्यांच्या पुढ्यात सरकवला. "न्या. सांभाळून वापरा म्हणणार नाही. वापरा."

दुपारी त्यांनी टेबल पुसलं. वही नाही, घड्याळ नाही. मधोमध विहीर ठेवली आणि तिच्या तोंडाकडे बघत बसले. इतक्या वर्षांत त्यांना एवढी आशा कशाची लागली नव्हती. तिने एक चकती उचलली, पाटावरून अंगठा फिरवला.

"नवीन आणलात?" तिने विचारलं.

डाववाल्यांचा चेहरा उतरला. पण त्यांनी नियम सांगितले, एका वेळी एकच. तिला पाण्याला पाणी जुळवायचं एवढं जमत होतं आणि आवडतही होतं. तिचं अडू नये म्हणून ते आपली चकती तिच्या पाटाला लागेल अशी ठेवत गेले. बाग वेडीवाकडी झाली, दोघांची एकच झाली. शेवटी ती म्हणाली, "मुद्दाम हरताय. कळतं मला." आणि खदखदून हसली. हे हसू वहीत कुठेच नव्हतं. सवयीने यांचा हात झाकणाकडे गेला, तेवढ्यात तिने झाकणावर हात ठेवला.

"हा ठेवा ना घरी. परत खेळू."

"ठेवला," डाववाले म्हणाले.

तेव्हापासून पट टेबलावरून उचललेला नाही. दोघं टेबलाच्या कडेला ताटं ठेवून जेवतात आणि जेवण झालं की ती विचारते, "नवीन आणलात?" एकतीस वर्षं त्यांनी तिला दुसरा डाव दिला नाही. आता रोज देतात, तर तिच्यासाठी रोज तो पहिलाच असतो. शेवटी ती ठेवा म्हणते, हे ठेवला म्हणतात. लेक म्हणते, आई बरीच शांत झालीय. खरं आहे ते. डाववाल्यांना मात्र रोज नव्याने वाईट वाटतं, आणि ते कुणाला सांगण्याजोगं नाही.

परवा डाव अर्ध्यावर आला असताना त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, दुकानात चढवायचे तसा.

"एक विचारू का गं? हरल्यावर तू रुसायचीस का?"

तिने चकती हातात धरून मनापासून विचार केला. कपाळाला आठ्या पडल्या, ओठ हलले.

"आठवत नाही हो," ती म्हणाली. "तुमची चाल आहे."