हिनेसला मिळालेला आवाज

स्पेनमधल्या आमच्या ताबेर्नास गावच्या माळावर परदेशी लोक घोड्यांचे आणि पिस्तुलांचे सिनेमे काढायला लागले, तेव्हा गावातल्या झाडून सगळ्या पुरुषांना मरायचं काम मिळालं. हिनेस सगळ्यात छान मरायचा. मुळात तो पावाच्या भट्टीवरचा, कोंबडी कापायची म्हटली तरी तोंड फिरवणारा. पण छपरावरून पडावं तर त्यानंच.

या सिनेमांनी गावाचं फार नुकसान केलं. त्यातला नायक हसायचा नाही, घाम पुसायचा नाही, गोळी लागली तरी हूं की चूं करायचा नाही. ते बघून आमची माणसंही डोळे बारीक करून भिंतींना टेकायला लागली. न्हावी गिऱ्हाइकाशी बोलेना. हिनेसचा बाप इंदालेसिओ जन्मापासूनच तसा होता, त्याला आता आपलंच खरं असल्याचा पुरावा मिळाला.

एकदा छपरावरून पडताना हिनेसचा पाय खरंच मोडला. धुळीत पडून तो जिवाच्या आकांतानं ओरडला. कुणी धावलं नाही. आमच्याकडे चित्रीकरणात आवाज घेतच नसत. नंतर शहरात बसून दुसरेच लोक तो भरत. त्यामुळे मरताना आम्ही वाटेल ते ओरडायचो. मी स्वतः एकदा टोमॅटोचे भाव ओरडत मेलो होतो. त्या दिवशी हिनेसचं मरण बघून दिग्दर्शक खूश झाला आणि सगळे जेवायला गेले. जेवून आलो तरी हिनेस मेलेलाच, तेव्हा कुठे उलगडा झाला.

पोरगा रडला, ही बातमी पायाच्या आधी गावात पोचली. इंदालेसिओ दवाखान्यात फिरकला नाही. हिनेस लंगडत घरी आला तेव्हा एवढंच म्हणाला, "पाय मोडतो माणसाचा. पण चारचौघांत बोंबलायचं?" त्यानंतर वर्षभर एका टेबलावर जेवूनही त्यानं मुलाशी शब्द काढला नाही. मला त्या म्हाताऱ्याचा मनापासून संताप यायचा. हिनेसला संताप येत नव्हता, बाप कधी बोलतो याची तो नुसती वाट बघत होता.

पुढच्या उन्हाळ्यात तो सिनेमा आमच्या उघड्यावरच्या थेटरात लागला. जो तो घरून खुर्ची घेऊन आला.

"माझं मरण आलं की मी उठून जाणार," हिनेस मला म्हणाला.

मरण आलं. पडद्यावर हिनेस कोसळला, त्यानं तोंड वासलं, आणि त्यातून कुणा भलत्याच माणसाचा भारदस्त आवाज आला: "कर्नलला सांगा, मी घाबरलो नाही."

टाळ्यांचा कडकडाट झाला. इंदालेसिओ उठून उभा राहिला. "माझा पोरगा आहे तो! कोण रे म्हणत होता, रडला म्हणून? या पुढे!" त्यानं हिनेसच्या खांद्यावर हात ठेवला. "चल, आज सगळ्यांना दारू माझ्याकडून."

हिनेस उठून गेला नाही. खरं काय ते सांगितलं असतं तर खांद्यावरचा तो हात गेला असता.

पलीकडे त्याची आई एन्कार्ना बसली होती. तापात तिचे कान गेल्याला बरीच वर्षं झाली होती. ती ओठ बघून बोलणं ओळखायची. त्या दिवशीच्या ओरडण्याबद्दल तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात तिनं विचारलं, "मला हाक मारत होतास ना रे?"

पुढच्या खुर्च्यांवरची माणसं मागे वळली.

"आई गं, पाय मोडला, आई ये, असं म्हणत होतास. मला बोलवायला कुणी आलंच नाही, बाळा. अजून दुखतो का?"

इंदालेसिओचा हात अजून खांद्यावरच होता. सगळं गाव हिनेसकडे बघत होतं.

तिला नीट दिसावं म्हणून त्यानं चेहरा पूर्ण तिच्याकडे वळवला आणि सावकाश म्हणाला, "दुखतो गं आई. रोज दुखतो."