संघातली बुटकी

पडद्यांच्या दुकानात तिला सगळे शिडीताई म्हणत आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे, तिला स्वतःलाही नाही. दुकानात खरी शिडी होती, पण ती कोपऱ्यात धूळ खात पडलेली. गिऱ्हाइकाच्या घरी जायचं, टेपने खिडकी मोजायची, हात वर करून दांडी बसवायची, कड्या ओवायच्या, पडदा सोडायचा आणि दोन पावलं मागे सरून नीट पडलाय का ते बघायचं. स्टुलावर चढायची वेळ तिच्यावर क्वचितच आली. गिऱ्हाईक आधी पडद्याकडे बघे, मग तिच्याकडे, आणि हमखास विचारी, "एवढ्या उंच कशा हो तुम्ही?" जणू तिने कुणाला न विचारता, हट्टाने हे करून ठेवलं होतं.

नवरा घड्याळजी. तो तिच्या खांद्याला लागत असे. जोडी बघून लोकांना हसू यायच्या आत तोच हसून घ्यायचा. म्हणायचा, "जन्मभर बारीक काटे आणि स्क्रू बघत आलो. एवढी मोठी वस्तू एकदाच हाताला लागली, म्हणून सोडली नाही." यावर शिडीताई लटकं रागवायची, पण रागवताना तिचे गाल वर यायचे, ते काही लपत नसे.

आणि एक लेक, छकुली. हे नाव तिला पाळण्यात असताना शोभलं असेल. आता तेराव्या वर्षी पोर आईच्या कानाला लागली होती आणि थांबायचं नाव घेत नव्हती. वर्गातल्या सगळ्या पोरांच्या वर तिचं डोकं. वर्षभरात तिने एक नवंच तंत्र काढलं होतं. खांदे पुढे, मान खाली, दप्तर पाठीवर न घेता पोटाशी धरलेलं, आणि चालायचं भिंतीच्या कडेकडेने. शाळेतून आली की दारातच सुरकुतल्यासारखी दिसे.

एका संध्याकाळी शिडीताईला राहवलं नाही. "छकुले, ताठ उभी राहा बघू. किती पोक काढतेस!"

"तू राहतेस का?" छकुली म्हणाली आणि आत निघून गेली.

शिडीताई तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि वाकूनच उभी होती. दाराला वाकायचं, बसमध्ये वाकायचं, कुणी बोलायला लागलं की ऐकायला वाकायचं, फोटोत तर गुडघेसुद्धा दुमडायचे. वाकता वाकता अंग तसंच बनलं होतं. तिला फार वाईट वाटलं. पोरीला देण्यासारखं दुसरं काही नव्हतं आपल्याकडे, आणि दिलं काय, तर पोक!

त्याच सुमारास अख्ख्या शहराला बास्केटबॉलचं वेड लागलं. समुद्रापलीकडची ती बडी व्यावसायिक लीग, जिचे सामने जगभर टीव्हीवर बघतात, तिने आपला एक खराखुरा सामना या देशात खेळवायचं ठरवलं होतं. नुसता दिखाव्याचा नाही, गुणतक्त्यात धरला जाणारा. असं या देशात पूर्वी कधी झालं नव्हतं. नव्या बंदिस्त स्टेडियमसाठी लाकडी मैदान तुकड्या-तुकड्यांनी जहाजातून आलं, तेव्हा ते उतरवून घेताना बघायलासुद्धा गर्दी. न्हावी गिऱ्हाइकाच्या मानेवर वस्तरा टेकवून तीन गुणांची रेघ कुठे असते ते समजावू लागला, आणि गिऱ्हाईक अर्थातच सगळं मान्य करू लागलं. ज्यांनी आयुष्यात चेंडूला हात लावला नव्हता ते चौकात उभे राहून डावपेचांवर हमरीतुमरीवर येत होते.

घड्याळजीही त्यातलाच. एका सकाळी त्याने पेपरमधली जाहिरात कापून आणली. "उंच माणसं पाहिजेत." भानगड अशी होती की खेळाडू येणार सामन्याच्या फक्त आदल्या दिवशी, आणि दिवे, ढोल, एकेकाचं नाव पुकारून मैदानात आणणं, हे सगळं त्यापूर्वी घोटवून घ्यायचं होतं. त्यासाठी खेळाडूंच्या मापाची माणसं हवी होती. बाई असो, बाप्या असो, माप जमलं की झालं.

"मी तुझं नाव देऊन आलो," घड्याळजी म्हणाला.

"मला न विचारता? अहो, मी काय पडद्याची दांडी आहे, कुठेही नेऊन बसवायला?"

"अगं, सामन्याची तीन तिकिटं देणार आहेत. तिकिटांसाठी लोक एकमेकांच्या उरावर बसतायत!"

ती विरघळली, पण दुसऱ्याच दिवशी छकुली शाळेतून आली ती पांढरीफटक पडून. तालमीला रिकाम्या खुर्च्या बऱ्या दिसत नाहीत म्हणून शहरातल्या शाळांना बोलावलं होतं. पोरांनी बसायचं आणि आरडाओरड्याचा सराव करायचा. छकुलीची शाळा त्यात होती.

"आई, तू नको जाऊस. तुला बघून सगळे हसतील. आणि मग वळून माझ्याकडे बघतील आणि परत हसतील."

शिडीताईने "बरं, नाही जात" म्हणायला तोंड उघडलं होतं. पण मग तिच्या मनात आलं, आज आपण घरी बसलो तर पोरीची खात्रीच पटेल की आपलं दोघींचं काहीतरी लपवण्यासारखं आहे. ती म्हणाली, "मी जाणार. तू वाटल्यास मला ओळखू नकोस." छकुली जेवली नाही. शिडीताईलाही घास गेला नाही, पण ती गेली.

स्टेडियमच्या आतल्या खोलीत पाऊल टाकलं आणि ती उंबऱ्यातच थबकली. आत चार माणसं होती आणि चौघांचेही डोळे तिच्या डोळ्यांपेक्षा वर होते. एक बँकेचा पहारेकरी, एक दातांचे डॉक्टर, एक बसचालक आणि एक जाडजूड बेकरीवाला. मग पहारेकऱ्याने स्वतःच्या कपाळावरचा वण चोळत विचारलं, "तुमचा कशाचा?"

"जिना," डॉक्टर म्हणाले. त्यांनाही तिथेच वण होता.

"पंखा," बसचालक.

"भट्टीचं दार, दोनदा," बेकरीवाला.

"दुकानाचं शटर," शिडीताई म्हणाली, आणि पाचही जण असे हसत सुटले की बाहेरून कुणीतरी काय झालं म्हणून डोकावून गेलं. मग काय विचारता! पांघरुणाबाहेर राहणारे पाय, कधीच न मिळणाऱ्या चपला, लग्नाच्या फोटोत कापली गेलेली डोकी. बसचालकाने आपले गुडघे स्टिअरिंगला कसे लागतात ते खुर्चीत बसून करून दाखवलं. शिडीताईला एकदम जाणवलं, तासभर झाला, आपण वर बघून बोलतोय आणि मानेला कसं हलकं वाटतंय. तिला त्या चार परक्या माणसांचा इतका लळा लागला की घरी पाहुणे म्हणून न्यावंसं वाटलं.

तालीम घेणारी परदेशी बाई ठेंगणीठुसकी, लांबच्या माणसांशी बोलायचं यंत्र कानाला लावलेली आणि वाऱ्यासारखी फिरणारी. तिच्यामागून धापा टाकत दुभाष्या. कुणी कुठल्या खेळाडूच्या जागी उभं राहायचं ते तिने सांगायला सुरुवात केली. पहारेकरी, संघाचा मधला बुरूज. डॉक्टर, नेमबाज. शेवटी ती शिडीताईपाशी आली, तिला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि काहीतरी म्हणून खुदकन हसली.

"काय म्हणतात त्या?" शिडीताईने विचारलं.

दुभाष्या चाचरला. "तुम्ही... म्हणजे... संघात जो सगळ्यांत लहानखुरा आहे ना, त्याच्या जागी तुम्ही. त्याला बाकीचे खेळाडू बुटक्या म्हणून चिडवतात."

"मी? बुटकी?"

"हो ताई. त्यांच्यात बुटकीच म्हणायची."

शिडीताई भिंतीला टेकली. आधी तिला खोकला आल्यासारखं झालं, मग हसू आलं, मग डोळ्यांना पाणी. जन्मात तिला कुणी बुटकी म्हटलं नव्हतं. आईने नाही, नवऱ्याने नाही, देवानेसुद्धा नाही. "परत म्हणा," ती दुभाष्याला म्हणाली. बिचाऱ्याने परत म्हटलं.

मग मोठे दिवे गेले. वरच्या अंधुक उजेडात हजारो पोरं किलबिलत होती. ढोल सुरू झाले, आणि निवेदकाने पहिलं नाव पुकारलं. आतून मैदानावर यायचं दार दुमजली घराएवढं उंच होतं. पहारेकरी छाती काढून धावत आला, दारापाशी पोचला आणि चटकन वाकला. दिव्याचा झोत, जो त्याच्या तोंडावर पडायचा होता, तो मागच्या भिंतीवर पडला. मग डॉक्टर आले. तेही वाकले. बसचालक वाकला. बेकरीवाला तर इतका वाकला की कोलमडता कोलमडता वाचला. पोरं हसून हसून खुर्च्यांवरून घसरली.

परदेशी बाई हात हलवत धावत आली. "विचारतायत, वर काय आहे?" दुभाष्या म्हणाला.

पाचही जणांनी वर बघितलं. "काही नाही," डॉक्टर ओशाळून म्हणाले.

"मग वाकता कशाला?"

"सवय."

पुन्हा घेतलं. पुन्हा तेच. अंग ऐकेचना. दार दिसलं की मान आपोआप खाली. आता राहिली होती शिडीताई. दारामागे उभं राहून तिने खुर्च्यांच्या रांगांवरून नजर फिरवली आणि छकुली लगेच सापडली, कारण दुमडून बसली तरी तिचं डोकं शेजारणींच्या वरच होतं. तोंड ओंजळीत लपवलेलं. आपण वाकलो की ही पोर जन्मभर वाकणार, हे शिडीताईला लख्ख कळलं.

ढोल वाजला. काय करावं सुचेना, तेव्हा तिच्या हातांनी त्यांचं रोजचं काम केलं. दांडी बसवायला जातो तसा उजवा हात सरळ वर गेला. हात वर ताणलेला असला की माणसाला वाकताच येत नाही, हे तिला तेव्हाच उमगलं. ती तशीच धावली, दाराची वरची कड चाचपायला निघाल्यासारखी. हात पोचला नाही. आयुष्यात प्रथमच तिचा हात वर कुठे पोचला नव्हता! तिला इतकी गंमत वाटली की तिने उडी मारली. तरी नाही पोचला. मग दुसरी मारली. झोत तिच्या हसऱ्या तोंडावर अचूक पडला, आणि निवेदकालाही चेव आला. "आणि ही आपल्या संघातली सर्वांत बुटकी!"

"बुटकी! बुटकी!" पोरांनी स्टेडियम डोक्यावर घेतलं. शिडीताई मैदानभर धावत सुटली. पाठोपाठ पहारेकरी, डॉक्टर, सगळे हात वर करून दारातून पुन्हा पुन्हा आत-बाहेर करू लागले. परदेशी बाईने कानातलं यंत्र काढलं आणि ती खाली बसूनच हसली. मैदानावरून शिडीताईने वर बघितलं, तर छकुलीचे हात तोंडावरून खाली आले होते. एवढंच दिसलं.

घरी जाताना छकुली आईच्या शेजारून चालत होती. मग म्हणाली, "तू दोन उड्या का मारल्यास?"

"एकीने भागेना," शिडीताई म्हणाली. छकुलीला हसू फुटलं, पण दप्तर अजून पोटाशीच होतं.

सामन्याच्या दिवशी तिघं मधल्या रांगेत बसले. चार उंच मित्र चार दिशांना होते आणि लांबून एकमेकांना हात करत होते. खेळ असा सुंदर की लोकांचे डोळे दिपले, पण बघत होते सगळे नाटक बघावं तसे. खुर्चीला पाठ टेकून, दोन्ही बाजूंच्या गुणांना सारख्याच सभ्य टाळ्या वाजवत. ती परदेशी बाई कासावीस होऊन, उठा, उठा, म्हणून तळहात वर उचलत फिरत होती. लोक वर काय आहे म्हणून छताकडे बघत होते.

शेवटचं मिनिट उरलं. तालमीत ज्याच्या जागी शिडीताई धावली होती, त्याचा संघ एका गुणाने मागे, आणि चेंडू आला नेमका त्याच बुटक्याकडे. तो दोन धिप्पाड माणसांच्या मधून घुसला, आणि छकुली ताडकन उभी राहिली. खांदे मागे, मान वर, आहे तेवढी सगळी.

"ए मुली, खाली बस! दिसत नाही काही!" मागून एक काका खेकसले.

हे वाक्य शिडीताईने आयुष्यात इतक्यांदा ऐकलं होतं की ती बसल्या जागी आणखी खाली घसरली. आता ही बसणार, तिला वाटलं. छकुलीने वळून बघितलं.

"काका," ती म्हणाली, "तुम्हीपण उभे राहा ना!"

काकांना काय वाटलं कोण जाणे, पण ते उभे राहिले. मग त्यांच्या मागचे राहिले, त्यांना दिसेना म्हणून. मग त्यांच्या मागचे. बघता बघता अख्खा बाजूचा भाग उठला, मग समोरचा, आणि असा काही कल्लोळ झाला की छत उडून जाईल असं वाटावं. घड्याळजी खुर्चीवर चढून, बायकोच्या डोक्याचा आधार घेऊन किंचाळत होता. शिडीताईही उभी होती. कधी उठली, तिला कळलं नाही.

बुटक्याने फेकलेला तो चेंडू आत कसा गेला, जाळीच्या कडीवर किती वेळ घुटमळला, ते घड्याळजी अजून रंगवून सांगतो. शिडीताईला ते दर वेळी त्याच्याकडूनच ऐकावं लागतं. ती त्या वेळी लेकीच्या पाठीकडे बघत होती.