ब्रेकमास्तरांचे सिनेमे

आमचे भावोजी गाडी शिकवतात, सव्वीस वर्षं झाली. शिकवायच्या गाडीत त्यांच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. शिकणाऱ्याला धोका दिसायच्या आत तो त्यांनी दाबलेला असतो. म्हणून विद्यार्थी पाठीमागे त्यांना ब्रेकमास्तर म्हणतात. तोंडावर म्हणायची हिंमत फक्त माझी, मेहुणा असल्यामुळे.

एवढ्या लोकांना लायसन्स मिळवून देणाऱ्या या माणसाची स्वतःची मुलगी मात्र चाचणीत दोनदा नापास झाली. पहिल्यांदा तिने वेळेवर ब्रेकच दाबला नाही, सवयच नव्हती. दुसऱ्यांदा भावोजी रस्त्याकडेला उभे राहून हातवारे करत होते, आणि ती त्यांच्याकडे बघून हिरव्या दिव्याला भर चौकात थांबली. ती नर्स आहे. घरोघरी जाऊन रुग्ण बघायची नोकरी तिला मिळाली होती, पण लायसन्ससाठी ते लोक या आठवड्यापलीकडे थांबणार नव्हते. आजची चाचणी गेली की नोकरी गेली.

म्हणून भाचीने शक्कल लढवली. थिएटरात सकाळी आठपासून रस्त्यांवरच्या शर्यतींचे चार मारधाडपट एकाच तिकिटात ओळीने लावले होते. तिने दोन तिकिटं माझ्या हातात कोंबली. "मामा, काहीही करा, पण बाबांना तिकडे फिरकू देऊ नका."

भावोजींना कसंबसं ओढत नेलं आणि बसलो. पडद्यावर पहिली गाडी सुटली आणि भावोजींचा पाय पुढच्या खुर्चीवर आदळला. वळण आलं, आदळला. ट्रक आला, पुन्हा आदळला. पुढचे गृहस्थ वळून म्हणाले, "अहो काका, मला तरी धडपणे पोचू द्या!" सगळी रांग हसली. मला लाजेने मेल्यासारखं झालं. "आरसा बघणं नाही, सिग्नल देणं नाही," भावोजी पुटपुटत होते आणि दर दोन मिनिटांनी मोबाइल बघत होते. दुसऱ्या सिनेमात अख्खा पूल कोसळला, तरी त्यांनी मान वर केली नाही.

तिची वेळ साडेबाराची. तिसरा सिनेमा सुरू झाला तसे ते उठलेच. "मी फक्त लांबून बघतो."

"मागच्या वेळीही लांबूनच बघत होतात," मी त्यांचा शर्ट धरला.

"तिला जमणार नाही रे. मी ओळखतो ना तिला."

"ओ, खाली बसा!" मागून कुणीतरी खेकसलं. मी शर्ट सोडला नाही. ते बसले, पण घुश्शात.

पाऊण वाजला. एक वाजला. माझाही जीव आता थाऱ्यावर नव्हता. सव्वाला मोबाइल वाजला आणि आम्ही लोकांचे पाय तुडवत बाहेर, पॉपकॉर्नच्या काउंटरपाशी आलो. ते भलतीच बटणं दाबायला लागले, म्हणून फोन मीच घेतला आणि स्पीकरवर टाकला.

"बाबा, पास झाले! मध्येच एक कुत्रं आडवं आलं होतं. शेजारी तुम्ही नव्हता ना, म्हटलं आता आपल्यालाच ब्रेक दाबायला हवा. दाबला मी!"

"शाब्बास गं," एवढंच ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले. माझेही आले, खोटं कशाला सांगू?

फोन ठेवल्यावर ते काउंटरला टेकले. आत गाड्यांचा नुसता धुमाकूळ चालला होता.

"म्हणजे दोन्ही वेळा नापास मीच झालो होतो," ते म्हणाले.

छे, असं काय बोलता, असं मी लगेच म्हणायला हवं होतं. पण मला ते म्हणवलं नाही.