रिकामे कंस आणि हिरवा फळा

बुद्धप्रियाला पसारा म्हणून खपत नाही. ओट्यावर रिकामा कप दिसला की उचललाच. प्रोग्राम लिहितानाही तीच खोड, आणि तीच नडली.

पुण्याची नोकरी सोडून ती आईजवळ सोलापुरात आली होती. रेवणप्पांच्या टॉवेलच्या कारखान्यातला फळा हे तिचं इथलं पहिलंच काम. कुठला माग चालू, कुठला बंद, ते हिरव्या-लाल दिव्यांनी दाखवायचं. जमलं तर आईजवळ राहायचं, नाहीतर परत पुणे.

चाचणीला सकाळी सगळे दिवे हिरवे. दुपारी धागा तुटून एक माग बंद पडला, तरी फळा आपला हिरवागार!

"ताई, फळा तुमचा लई खुशीत हाय की," माग दुरुस्त करणारा जालिंदर म्हणाला. "माग मेला, याला पत्ताच न्हाय!"

रेवणप्पा हसले नाहीत. "संध्याकाळपतूर बघतो. न्हाय जमलं तर काढून न्या."

तिने तारा तपासल्या, सेन्सर तपासले. सगळं ठणठणीत. मग प्रोग्राम उघडला आणि कपाळावर हात मारून घेतला.

ती प्रोग्राम लिहायची ती भाषा फंक्शनल, म्हणजे सगळं काम 'फंक्शन' नावाच्या छोट्या-छोट्या हुकमांवर चालवणारी. तिथे फंक्शनला द्यायला काही माहिती नसली, तरी नावापुढे रिकामे कंस लागतातच. ते असले तरच फंक्शन दर वेळी उठून मागाकडे बघून येतं. आणि हिने आदल्या दिवशी, "आत काही नाही, मग ठेवायचे कशाला?" म्हणत नावापुढचे कंस पुसले, फंक्शन लिहिलं तिथलेही आणि बोलावलं तिथलेही! संगणकाने हूं की चूं केलं नाही. का करेल? त्याच्या लेखी ते आता फंक्शन नव्हतंच, नुसतं एका उत्तराचं नाव होतं. सकाळी सुरू होताना मागाकडे एकदा बघितलं, "चालू" म्हटलं, आणि दिवसभर तेच.

कंस परत घातले. प्रोग्राम नव्याने सुरू केला.

"जालिंदरभाऊ, एक माग बंद करा बरं."

"चालता माग? मालक मला बंद करतील की!"

"करा हो!"

खडखडाट थांबला. फळ्यावर लाल दिवा लागला. बुद्धप्रियाने चक्क टाळ्या वाजवल्या.

"माग बंद पडल्यावर टाळ्या पिटणारी बाई पहिल्यांदाच बघतोय," रेवणप्पा म्हणाले. "चालू कर रे तो. आन् ताई, उद्यापासनं मागच्या शेडचं काम बी घ्या."

अंगणात येऊन तिने फोन लावला.

"आई, हितंच हाय मी आता."

पलीकडून आईचा नाक ओढल्याचा आवाज तेवढा आला.