पाणलोटची तारीख: तळेगाव, लोणावळा, लोहगडवाडी

यंदा तेरा डिसेंबर शनिवारी आला. एरवी ही तारीख ऑफिसातच जाते. या वेळी नवऱ्याला म्हटलं, "केदार, चल, मावळात जाऊन येऊ." साताऱ्याहून उजाडताना निघालो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पाणलोट हा तळेगावच्या चार मित्रांचा रॉक बँड. पहिला कार्यक्रम तेरा डिसेंबरला झाला आणि पोरांनी तीच तारीख धरून ठेवली. पहिला अल्बम त्याच तारखेला आला, पुण्यातलं मैदान खच्चून भरलं तेही त्याच तारखेला. त्या मैदानावरून परतताना जुन्या हायवेवर गाडी उलटली आणि बेस गिटार वाजवणारा संपत गेला. उरलेले तिघे पुन्हा कधी एकत्र उभे राहिले नाहीत. आम्ही चाहते मात्र दरवर्षी या दिवशी एकमेकांना गाणी पाठवतो.

देहूरोडपर्यंत ट्रकांच्या मागे रांगत गेलो. तळेगावात स्टेशनजवळ मिसळ खाल्ली, झणझणीत होती. पहिला कार्यक्रम झाला ते मंगल कार्यालय शोधत गेलो, तर तिथे मोठी सोसायटी उभी.

"कुणाकडं जायचंय?" वॉचमनने विचारलं.

"कुणाकडेच नाही. बघायला आलोय."

"मग गाडी काढा इथनं."

लोणावळ्यात अल्बम रेकॉर्ड झाला तो बंगला सापडला. आता तो पार्ट्यांना भाड्याने देतात. फाटकाबाहेरून पोहण्याचा तलाव दिसला आणि कुणाच्या तरी हळदीचा डीजे ऐकू आला. दोन मिनिटांत निघालो. शनिवारी बाजारपेठेत गाडी घालू नका. आमचा तास चिक्कीच्या दुकानांसमोर उभं राहण्यात गेला. आभाळही भरून आलं होतं, डिसेंबर असूनही ऊन नाही. केदार म्हणाला, "घरी जायचं का?" मी म्हटलं, निदान लोहगड तरी बघू.

मळवलीचं रेल्वे फाटक ओलांडून भाजे गावावरून वर जाणारा रस्ता अरुंद आणि चांगलाच चढाचा आहे. हात सरावलेला असेल तरच स्वतः चालवा. लोहगडवाडीत गाडी लावली आणि गड चढण्याआधी पहिल्याच टपरीत पिठलं-भाकरी सांगितली. ताट घेऊन आलेल्या मावशी माझ्या टी-शर्टकडे बघत थांबल्या. त्यावर चौघांचे चेहरे छापलेत. त्यांनी एका चेहऱ्याजवळ बोट नेलं.

"ह्यो माजा संपत."

तो मामाकडे तळेगावात शिकला हे मला माहीत होतं. त्याचं गाव कुठलं, हे मात्र मी कधी विचारलंच नव्हतं. "मावशी, आज तेरा डिसेंबर, म्हणून आम्ही..." एवढंच मी म्हणाले.

"तारीख तुमची. आमी तिथी धरतो. ती झाली मागल्या आटवड्यात." त्यांनी ताट ठेवलं आणि बाकड्याच्या टोकाला बसल्या. "पोरं गडावर येत्यात, फोनवर ती गाणी लावत्यात. मी लय कान देऊन ऐकते. त्यात संपत कुटं हाय?"

"तो गात नव्हता, मावशी. बेस वाजवायचा. जाड तारांची गिटार."

"त्येच इचारते. मला त्यो घावत न्हाई."

मी फोनवर गाणं लावलं. फोनच्या एवढ्याशा स्पीकरमधून बेस येतच नाही, हे तेव्हा लक्षात आलं. केदार उठला. "मावशी, गाडीत बसता का? तिथं ऐकू येईल."

त्या हात पदराला पुसत पुढच्या सीटवर बसल्या. अल्बममधल्या तिसऱ्या गाण्याची सुरुवात नुसत्या बेसने होते. केदारने आवाज वाढवला. दाराची काच थरथरली. मावशींनी दारावर तळवा टेकला.

"ह्यो?"

"व्हय," केदार म्हणाला. "हा संपतच."

त्यांनी डोळे मिटले नाहीत, रडल्याही नाहीत. समोर गडाच्या तटाकडे बघत ऐकत राहिल्या. मग ड्रम सुरू झाले, त्यावर गाणाऱ्याचा आवाज चढला.

"गेला," त्या म्हणाल्या.

"आहे, मावशी. खाली चालूच आहे तो."

"न्हाई. गेला."

"परत पहिल्यापासून लावू?"

"नगं. राहू द्या." त्या उतरल्या. टपरीत चार गिऱ्हाईकं येऊन बसली होती. त्यांनी तवा ठेवला आणि भाकरी थापायला घेतली. आम्ही जेवलो. गड चढलो नाही. निघताना मी "येते, मावशी" म्हटलं, तर त्यांनी मान हलवली, एवढंच.

परतीच्या वाटेवर चाहत्यांच्या ग्रुपवर गाणी येत होती, फटाक्यांची चित्रं, 'पाणलोट जिंदाबाद'. मी टाइप केलं, खोडलं, फोन पर्समध्ये ठेवला.

रविवारी स्वयंपाक करताना तेच गाणं मोठ्या स्पीकरवर लावलं. शब्दन् शब्द पाठ आहे मला. पण ड्रम सुरू झाल्यावर गॅस बंद करून, स्पीकरपाशी जाऊन, नुसता बेस ऐकायचा प्रयत्न केला. एकदा, पुन्हा एकदा. मलाही संपत सापडला नाही.