रिकाम्या व्हरांड्याचे फोटो

आमच्या गावची जुनी तहसील कचेरी पाडायचं ठरलं होतं. दगडी जोतं, सागवानी खांब, समोर लांब व्हरांडा. कामकाज रस्त्यापलीकडच्या नव्या इमारतीत गेलं, पण लोकांचे अर्ज लिहून देणारे चाचा व्हरांड्यातच राहिले. त्यांचे अब्बाही तिथेच बसायचे. सातबाऱ्यासाठी खेड्यांवरून आलेली माणसं सवयीने आधी त्यांच्याकडेच चढत.

इमारत वाचवायला तिला स्मारकांच्या कायद्याखाली राज्य संरक्षित जाहीर करून घ्यायला हवं होतं. मी नागपूरला आर्किटेक्चर शिकलेली, म्हणून प्रस्तावासाठी नकाशे आणि फोटो काढायचं काम माझ्याकडे आलं.

माणसांचे फोटो काढणं मला जमत नाही. विचारतानाच आवाज बसतो. म्हणून चाचांना एवढंच म्हटलं, थोडा वेळ टेबल बाजूला घ्याल का?

"काऊन, मी खांबापेक्षा जुना दिसून राह्यलो का?" ते हसले. टेबल, बाकडं, पाण्याची कॅन, सगळं मागे नेलं. वाट पाहत बसलेल्यांनाही उठवलं. "सरका बाई, पोरगी कचेरी वाचवून राह्यली."

फोटो सुंदर आले. खांबांची रांग, त्यांच्या सावल्या, बाकी काही नाही.

प्राथमिक अधिसूचना भिंतीवर लागली. चाचांनी मला पेढा भरवला. मग पाहणीला पुरातत्त्व खात्याचे एक अधिकारी आले आणि संरक्षित जागेत बसता येणार नाही म्हणून त्यांनी चाचांना टेबल कायमचं हलवायला सांगितलं. अब्बांपासून बसतो, असं चाचा म्हणाले. अधिकारी आवाज न चढवता फाइल उघडून माझेच फोटो दाखवू लागले.

"इथे तर कोणीच बसत नव्हतं. तुम्ही नंतर आलात."

मी शेजारीच उभी होते. इंग्रजीतलं वाक्य तयार होतं, मराठीतलं जुळत होतं, तोवर जीप निघून गेली.

संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. अंतिम अधिसूचनेआधी हरकत घेता येते, असं सांगितलं.

"अन् माझ्या हरकतीनं कचेरीच पडली तं? गाव मले काय म्हणंल?"

"पडणार नाही, चाचा. तुमची जागा राहू द्या, एवढंच मागायचं. फोटो मी नवे काढते."

"लोकायचे अर्ज लिहिले आजवर," ते म्हणाले. "स्वतःचा कधी लिहिला नाई." पण लिहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हरांड्यासमोर कॅमेरा वर केला, तर चाचा लगेच उठले आणि टेबल मागे ओढू लागले.

"थांब बेटी, सरकतो."

"नाही, बसा," मी म्हटलं. जरा जोरातच.

ते बसले. पेन खिशात ठेवलं, हात मांडीवर घेतले, पाय जुळवले. त्यांच्यासमोर अर्ज घेऊन येणारी माणसं बसतात तसे, जागेचा मालक दुसराच कोणी असल्यासारखे. मी पुष्कळ वेळ थांबले, पण त्यांचे खांदे सैल झाले नाहीत.

तोच फोटो हरकतीला जोडला आहे. उत्तर अजून आलेलं नाही. आता तिथून जाताना मी सलाम केला, तरी ते आधी माझ्या हातात कॅमेरा आहे का ते बघतात.